रेघेला मुंग्या

तळघराच्या पायऱ्या उतरताना माणसांचा आवाज आपोआप खाली येई आणि शेवटच्या पायरीवर तर बोलणंच थांबे. खाली काही शवागार नव्हतं. खाली शूबाई होत्या.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ओठांवर बोट, वटारलेले डोळे आणि दातांतून निघालेला लांबलचक 'शूः'. नोकरीला लागल्यापासून त्यांनी लिफ्टवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत कुणालाही त्यातून सोडलं नव्हतं. एका निवृत्त सहकाऱ्याच्या शोकसभेत मौन पाळायची वेळ आली, तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "बाईंना पुढं उभं करा, आपोआप पाळलं जाईल." चारदोन माणसं हसली. शूबाईंनी वळून त्यांनाही शूः केलं.

त्यांचं काम मोजण्याचं. आपल्या अंगातल्या पेशी सतत काहीबाही बाहेर टाकत असतात, तेही बारीक बारीक पुड्या बांधून. रक्तात, लघवीत, डोळ्यांतल्या पाण्यातसुद्धा या पुड्या तरंगत असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत. शूबाईंच्या यंत्रात मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे होते, मध्ये पातळ पापुद्रा, त्या पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारं भोक, आणि भोकातून वाहणारी विजेची अगदी क्षीण धार. पुडी भोकातून गेली की धार क्षणभर अडखळे आणि स्क्रीनवरच्या सरळ रेघेला एक खळगा पडे. खळगे मोजायचे, त्यांची खोली मोजायची. मोठी पुडी, खोल खळगा.

पण धार एवढी नाजूक म्हटल्यावर तिला जगातलं काहीही पुरे. ट्यूबलाइटची थरथर, वरच्या मजल्यावर कुणी ओढलेली खुर्ची, खिशातला फोन, लिफ्टची मोटर. मग रेघ जाड होई, केसाळ होई आणि खळगे तिच्यात बुडून जात. शूबाई म्हणत, "रेघेला मुंग्या लागल्या." त्यांच्या लेखी गोंगाट म्हणजे हा. कानाला ऐकू येतो तो त्यातला चिल्लर भाग.

या मुंग्यांसाठी त्यांनी यंत्राभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा उभा केला होता. टेबलाच्या पायांखाली रबराच्या जाड चकत्या होत्या, खोलीतला दिवा बॅटरीवरचा होता. अंगावर सुती कपड्याशिवाय काही नाही, कारण नायलॉन खुर्चीला घासलं तरी रेघ थरथरे. हातात घड्याळ नाही. नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला दिलेलं घड्याळ कपाटात डब्यात पडून होतं, आणि त्यावरून व्हायचं ते भांडण दर वाढदिवसाला नेमानं होई.

सकाळी काम सुरू करण्याआधी त्या नुसतं मिठाचं पाणी सोडून पाहत. त्यात पुडी एकही नाही, म्हणजे रेघेत जे काही दिसेल ते सगळं खोलीचं आणि इमारतीचं. याला त्या 'कोरं घेणं' म्हणत. कोरं स्वच्छ आलं तर काम. नाही आलं तर आधी भांडण.

भांडणाची त्यांना लाज नव्हती. वडिलांचं पत्र्याचे डबे ठोकायचं दुकान, घर दुकानाच्या मागं. लहानपणचा अभ्यास, जेवण, झोप, सगळं हातोड्याच्या दोन ठोक्यांच्या फटीत बसवायचं. आई काय म्हणाली ते अर्धं ऐकू येई आणि उरलेलं अर्धं न ऐकल्याबद्दल पाठीत धपाटा मिळे. वीज गेली की मात्र घरात शांतता होई, म्हणून वीज गेल्यावर आनंदानं उड्या मारणारं त्या गल्लीतलं ते एकच पोर. पुढं लग्न झालं ते कानानं अधू असलेल्या सासूच्या घरात. तिथं टीव्ही इतका मोठा लागे, की शेजारी आपला लावतच नसत, यांच्याकडचाच ऐकत. तेव्हा उभ्या आयुष्यात शांत अशी जागा शूबाईंना मिळाली ती ही तळघरातली खोली. तीही कुणी दिली नव्हती, त्यांनी ती चकतीचकतीनं बांधली होती. तिच्यात कुणी मुंगी सोडली की त्यांचं डोकं फिरे.

त्या वर्षी ते फिरलेलंच होतं.

संस्था एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात होती. तिथल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी एक पेटी भरून गोठवलेल्या नळ्या पाठवल्या होत्या. शरीर बसवलेली किडनी नाकारू लागलं की ती दुखावलेली किडनी लघवीत जास्त पुड्या टाकते, शिवाय मोठ्या टाकते. आणि हे बाकीच्या तपासण्यांत काही दिसायच्या कितीतरी आधी घडतं, असा डॉक्टरीणबाईंचा अंदाज होता. त्यासाठी त्यांनी आपल्या रुग्णांच्या लघवीचे थेंब वर्षानुवर्षं बारीक नळ्यांत राखून ठेवले होते. नळी एकदाच वितळवायची. वितळली की पुड्या फुटायला लागतात, आणि परत गोठवल्या तर उरल्यासुरल्याही जातात.

यातल्या एका नळीची मालकीण अधूनमधून स्वतः येऊन तळघराबाहेरच्या बाकावर बसे. शिवणकाम करणारी बाई, चाळिशीची, चेहरा सुजलेला, बोटांवर सुया टोचल्याचे जुने व्रण. रुग्णालयात तिचं रक्त यंत्रातून गाळून घ्यायचं असे, आणि ते झालं की घरी जाण्याआधी ती पायऱ्या उतरून खाली येई.

"ताई, माझी वाचलीत?"

"अजून नाही. मुंग्या आहेत."

"बरं. मी बसते थोडी."

"बसून मुंग्या जाणार आहेत का?"

"तसं नाही. वर घरचे असतात, इथं बरं वाटतं."

हे उत्तर शूबाईंना पटलं. त्यानंतर त्यांनी तिला कधी उठवलं नाही.

तिची गोष्ट त्यांना तुकड्यातुकड्यांनी कळली. किडनी दिली होती तिच्या थोरल्या भावानं. ती बसली, चालली, बाई पुन्हा शिलाई मशीनवर बसायला लागली. मग मावसबहिणीच्या लग्नाला ती परगावी गेली, औषधांची पिशवी बसमध्ये राहिली आणि दोन दिवस गोळ्या चुकल्या. काही महिन्यांनी किडनी गेली. तेव्हापासून घरात एकच वाक्य ठरून गेलं. भावजय ते रागावूनसुद्धा म्हणत नसे. चहात साखर किती घालू असं विचारावं, त्या आवाजात म्हणे: "वन्संना लग्नात मिरवायचं होतं ना, त्यात ह्यांची किडनी गेली." पाहुण्यांसमोर म्हणे, शेजारणीला म्हणे, कपडे शिवायला टाकायला आलेल्या गिऱ्हाइकालाही म्हणे. भाऊ गप्प बसे. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांना कळे.

डॉक्टरीणबाईंच्या पेटीत या बाईची एक नळी होती, त्या लग्नाच्या आधीची. त्या दिवसांतली ती एकच. तिच्यात खोल खळगे निघाले, तर किडनी लग्नाच्या आधीच दुखावलेली होती, पिशवी विसरण्याच्या आधी. नाही निघाले तर भावजयीचं वाक्य खरं.

"खरं असलं तरी चालेल," शिवणवाली म्हणाली. "पण कुणीतरी एकदा मोजून सांगा. मला नुसतं म्हणून म्हणून दोषी केलंय."

भावजयच तिला रुग्णालयात आणी-नेई. ती पायऱ्यांच्या वरूनच हाक मारी, "वन्सं, चला आता. त्या ताईंना कामं आहेत. गेलेली वस्तू मोजून परत येत नसते." शूबाईंना वाटे, याच्यापेक्षा पत्र्यावरचा हातोडा बरा. तो निदान आवाज करून मारतो.

आणि नेमकी याच वेळी रेघ हाताबाहेर गेली होती.

इमारतीची सगळी वायरिंग नवी केली होती. वायरमन खाली आला, त्यानं पिंजऱ्याला नवी अर्थिंगची वायर जोडली. पिंजऱ्यानं पकडलेली वीज जमिनीत वाहून नेणारी ती वायर. वायरमन पक्कड खिशात घालत म्हणाला, "घ्या मॅडम. बाहेर खोल खड्डा खणून पट्टी पुरलीय, थेट तिलाच जोडलीय. आता ती पाण्याच्या पायपाला बांधलेली जुनी वायर काढू?"

"तिला हात लावायचा नाही. ती मी स्वतः लावलीय."

"मग ही नवी नको?"

"नवीही असू दे. जुनी काढली आणि तुमची निघाली कच्ची, तर मी काय करू?"

"असू द्या दोन्ही," वायरमन म्हणाला. "माझं काय जातंय?"

त्यानंतर सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग उन्हाळा तापला आणि मुंग्या आल्या. सतत नाही, अधूनमधून, हवं तेव्हा येणाऱ्या पाहुण्यांसारख्या. कोरं स्वच्छ यावं, म्हणून नळी वितळवावी, आणि अर्ध्यात रेघेला केस फुटावेत. दोन नळ्या अशा गेल्या. कुणाच्या तरी अंगातलं, पुन्हा न मिळणारं, वाया. दुसऱ्या वेळी शूबाईंनी कचऱ्याच्या डब्याला अशी लाथ मारली की आठवडाभर लंगडत होत्या.

लंगडत लंगडतच त्यांनी शोध घेतला आणि चोर पकडला. शेजारच्या खोलीत माश्यांवर संशोधन करणारे प्राध्यापक होते, सगळे त्यांना माशीवाले म्हणत. त्यांचं माश्या ठेवायचं थंड कपाट सुरू झालं की मुंग्या येत, बंद झालं की जात.

"तुमचं कपाट माझ्या रेघेत येतं."

"माझं कपाट माझ्या खोलीत आहे, मॅडम. गेली कित्येक वर्षं तिथंच आहे."

"ते खाकरलं की माझ्याकडं मुंग्या येतात!"

"मग काय करू? त्यात माश्यांच्या पिढ्यान् पिढ्या आहेत. बंद करून उकडून मारू?"

"माश्याच ना? बाहेर फुकट मिळतात!"

माशीवाले मवाळ माणूस, पण हे त्यांना लागलं. त्या दिवसापासून ते शूबाईंशी बोलेनासे झाले आणि आपलं दार मुद्दाम जोरात लावू लागले. शूबाईंनी मग कपाटाबरोबर लिफ्टची तक्रार केली, कॅन्टीनच्या मिक्सरची केली, रखवालदाराच्या फोनची केली. लिफ्टवाल्यानं त्यांना लिफ्ट देणं बंद केलं. कॅन्टीनमध्ये त्यांचा चहा थंड येऊ लागला.

शेवटी साहेबांनी बोलावलं. साहेब हसतमुख होते, आणि शूबाईंचा हसतमुख माणसांवर कधीच विश्वास नव्हता.

"मॅडम, तुमच्या सगळ्या तक्रारी पाहिल्या. कपाट, लिफ्ट, मिक्सर, रखवालदार, आणि माझ्या केबिनचा एसी. एक विचारू? ही इमारत ठेवायचीय की पाडून टाकायचीय?"

"मला एक तास शांतता हवीय. तेवढी द्या."

"यंत्र मोजतच नसेल तर शांतता कशाला? वरच्यांना बैठकीसाठी एक खोली हवीच आहे. तुम्ही वर नमुने घ्यायच्या खिडकीवर बसा. तिथं माणसांची ये-जा असते, तुम्हालाही चार शब्द बोलायला मिळतील."

"मी चार शब्द बोलले तर तुम्हाला झेपायचे नाहीत," असं म्हणून शूबाई उठल्या. दार मात्र त्यांनी आवाज न करता लावलं. सवयच ती.

खोली जायच्या आधी शिवणवालीची नळी वाचायची, एवढं त्यांनी ठरवलं. आणि मुंग्या जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हेही. या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. त्यांनी पिंजऱ्यावर दुसरी जाळी चढवली. काही फरक नाही. वायरी गुंडाळल्या, टेबल हलवलं, भिंतीला पत्रा लावला. लहानपणी नको असलेला पत्रा आता स्वतः विकत आणून लावला, तरी मुंग्या तशाच.

घरी त्या आणखी तापलेल्या येत. नवरा शाळेतून निवृत्त झाला होता, आणि निवृत्त झाल्यावर त्यानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. वाईट करत नसे. पण शूबाई आत शिरल्या की झाकण उघडत, डाव फिरवत, गॅस कमी करत, तोच गॅस तो मोठा करी. त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसले, टीव्ही नेहमीप्रमाणे गरजत होता. सासूनं पहिला घास तोंडात घातला आणि थांबली.

"समुद्र केलाय," सासू म्हणाली.

"मी नेहमीइतकंच मीठ घातलंय," नवरा म्हणाला.

"तुम्ही घातलंत?" शूबाईंनी मान वर केली. "मला वाटलं विसरलात. मीही घातलं."

"विसरलो का म्हणून वाटलं?"

"गेल्या आठवड्यात विसरला होतात."

"एकदा! आणि चाखून बघायला काय झालं होतं?" नवऱ्यानं ताट पुढं सारलं. तो सहसा चिडत नसे, म्हणून त्याचं चिडणं अंगावर येई. "तुझं हे कायमचं आहे. मी कुलूप लावतो, तू पुन्हा ओढून बघतेस. मी दूध तापवतो, तू परत तापवतेस. जगात दुसऱ्या कुणी काही नीट केलंय, हे तुला एकदा तरी पटतं का गं? तू बाहेर लोकांशी भांडतेस ना गोंगाट गोंगाट करून, अर्धा गोंगाट तुझा आहे."

"आवाज खाली घ्या."

"टीव्ही आधी खाली घे, मग माझा घेतो!"

"काय म्हणतोय तो?" सासूनं विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम ओरडले.

शूबाई सकाळी संस्थेत पोचल्या तेव्हा वाटभर नवऱ्याला उत्तरं देऊन झाली होती. काल सुचली नव्हती ती सगळी आता सुचत होती. मी परत घातलं म्हणे. विचारायचं ना मग. बिघडतं ते दोघांनी मिळून आणि बोलणी मी खायची. असं म्हणत त्या पिंजऱ्याचं दार उघडायला वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या.

पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून नवी हिरवी वायर निघून भिंतीत जात होती. दुसऱ्या कोपऱ्यातून त्यांची जुनी वायर निघून पाण्याच्या पायपाला जात होती. तोच पाइप पुढं माशीवाल्यांच्या खोलीत जात होता, त्या कपाटाच्या मागून. एकाच पिंजऱ्याला जमिनीत जायच्या दोन वाटा, आणि त्या दोन वाटांचं मिळून इमारतीभर पसरलेलं एक मोठं वेटोळं. कपाट सुरू झालं, की त्याचा झटका पायपातून वेटोळ्यात शिरे आणि घुमत घुमत नेमका त्यांच्या नाजूक धारेवर येई. दोनदा काळजी घेतली होती म्हणून. एकदाच घेतली असती तर काही झालं नसतं.

हे नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्यांनी स्वतः दुसऱ्यांना शिकवलं होतं: अर्थिंग एकच, एकाच जागी.

शूबाई जमिनीवर बसल्या आणि त्यांना असा राग आला, की तो कुणावर काढावा ते कळेना. वायरमनवर काढता येईना. त्यानं विचारलं होतं. माशीवाल्यांवर काढता येईना. नवरा तर भाजीबद्दल बोलत होता, आणि भाजीबद्दल बोलता बोलता बरोबर निघाला होता, हे सगळ्यात असह्य होतं. दोन नळ्या. कुणाच्या तरी दोन नळ्या त्यांच्या स्वतःच्या वायरीनं खाल्ल्या होत्या. त्यांनी पान्हा घेतला आणि आपली, आपल्या हातांनी लावलेली, इतकी वर्षं पुसून चकचकीत ठेवलेली वायर काढली. वायरमनची राहू दिली.

मग कोरं घेतलं. कपाट सुरू होण्याची वाट पाहिली. पलीकडं ते खाकरलं. रेघ केसासारखी बारीक, सरळ, हलली नाही. पुन्हा खाकरलं. पुन्हा काही नाही.

शूबाईंनी फ्रीजरमधून शिवणवालीची नळी काढली.

नळी वितळली, थेंब यंत्रात गेला, पिंजऱ्याचं दार बंद झालं. पहिले खळगे पडू लागले तेवढ्यात भिंत थरथरली आणि रेघेवर मुंग्यांचं वारूळ फुटलं.

शूबाईंनी यंत्राची धार थांबवली आणि बाहेर आल्या. दाराशेजारच्याच भिंतीत एक माणूस ड्रिलनं भोक पाडत होता. त्याच्या पायाशी चकचकीत पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती: बैठक कक्ष. शेजारी साहेब उभे.

"बंद करा ते."

"दोनच भोकं, मॅडम," साहेब म्हणाले. "पाहुणे यायचेत."

"आत नळी वितळलीय. ती परत गोठत नाही."

"तुमची नळी रोजच वितळलेली असते."

ड्रिलवाल्यानं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मान हलवली, ड्रिल पुन्हा सुरू झालं. शूबाई पुढं झाल्या आणि भिंत आणि ड्रिल यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या, पाठ भिंतीला लावून.

"पाडा. आता माझ्यात पाडा भोक. पाटी माझ्याच गळ्यात अडकवा!"

ड्रिलवाला घाबरून मागं सरला. गलका ऐकून दारं उघडली. माशीवालेही बाहेर आले, हात बांधून उभे राहिले. शूबाईंची नजर त्यांच्यावर गेली. हे आत्ता बोललं नाही तर पुन्हा बोलवणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"तुमचं कपाट नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझीच एक वायर जास्त होती. माझी चूक."

"ऐकू नाही आलं," माशीवाले म्हणाले. "जरा मोठ्यानं?"

कॉरिडॉरात कुणीतरी खुदकन हसलं. शूबाईंचे कान लाल झाले.

"माझी चूक होती!" त्या ओरडल्या. "तुमचं कपाट निर्दोष आहे! तुमच्या माश्या निर्दोष आहेत! झालं समाधान?"

"झालं," माशीवाले म्हणाले. त्यांनी शांतपणे वाकून ड्रिलची पिन सॉकेटमधून उपसली, वायर गुंडाळली आणि ती बगलेत मारून आपल्या खोलीत निघाले. दारात थांबून साहेबांना म्हणाले, "तासाभरानं माझ्याकडून घेऊन जा. आणि हळू या, मॅडमचं काम चाललंय." या वेळी दार त्यांनी हळू लावलं.

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याला आता काही काम उरलं नव्हतं. शूबाईंनी त्यांच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं आणि आत गेल्या.

थेंब अजून चांगला होता. रेघ चालू झाली. बारीक, सरळ, आणि तिच्यात खळगे. उथळ खळगे असतातच, ते कुणाच्याही लघवीत असतात. मग एक खोल. पुन्हा खोल. मग एकामागून एक, दाट. याच बाईची एक त्याहून जुनी नळी, किडनी नुकतीच बसली होती तेव्हाची, मुंग्या यायच्या आधीच वाचून झालेली होती. तिच्यात असे खोल खळगे शोधून सापडत नव्हते. शूबाईंनी मोजणी पुन्हा केली. मग शेवटी पुन्हा कोरं सोडून रेघ स्वच्छच आहे ना ते पाहिलं, आणि ते तसंच चालू ठेवून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"गोळ्या चुकल्यानं काहीच झालं नाही, असं मला म्हणता येणार नाही," डॉक्टरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या. "पण सुरुवात आधीच झाली होती. लग्नाला जायच्या आधी. तेव्हा आमच्या तपासण्यांत काही दिसलं नव्हतं. चुकलं असेल तर ते आमच्या नजरेचं."

"हे तिला सांगू?"

"सांगा. माझ्या नावानं सांगा."

शिवणवाली बाहेर बाकावर होती. आज भावजयही खाली उतरून तिच्या शेजारी बसली होती, हातात पर्स, गाडी थांबलीय म्हणून पाय हलवत. शूबाई दाराबाहेर आल्या, दार लोटून घेतलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं अगदी हळू, ओठांतल्या ओठांत बोलल्या.

"किडनी आधीच दुखावलेली होती. लग्नाच्या आधी."

शिवणवाली बाकावरून पुढं झुकली. "काय म्हणालात, ताई?"

"काही नाही हो," भावजय उठली. "वन्सं, चला. त्या म्हणतायत तुमची नळी बघितली, झालं. गाडी थांबलीय."

शिवणवालीनं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. सुजलेला चेहरा एकदम कठीण झाला. "ताई, मोठ्यानं सांगा."

शूबाईंनी श्वास घेतला. मागच्या भिंतीवर त्यांच्याच हातानं लिहिलेली शांततेची पाटी होती.

"तुमची किडनी तुम्ही घालवलेली नाही!" त्या म्हणाल्या, आणि आवाज कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन परत आला. "तुम्ही लग्नाला जायच्या आधीच ती दुखावली होती! गोळ्या चुकायच्या आधी! मी मोजलंय! डॉक्टरांना ते तेव्हा दिसलं नाही, आणि त्याचं खापर इतके दिवस तुमच्या डोक्यावर फुटलंय!"

वर पायऱ्यांवर माणसं थबकली. लिफ्टवाला लिफ्टबाहेर डोकावला.

"शूः!" भावजय म्हणाली. तिनं खरोखरच ओठांवर बोट ठेवलं होतं. "अहो, लोक ऐकतायत."

"ऐकू देत," शिवणवाली म्हणाली. ती उभी राहिली होती. "गिऱ्हाइकांनी ऐकलंच आहे ना? शेजाऱ्यांनी ऐकलंय. दादानं रोज ऐकलंय आणि खाली मान घालून जेवलाय. वहिनी, आता म्हणा. म्हणा ना, कशात गेली किडनी? या ताईंच्या समोर म्हणा."

भावजयीनं पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ताई," शिवणवाली तिच्यावरची नजर न काढता म्हणाली, "परत एकदा सांगा."

शूबाईंनी सांगितलं. मग शिवणवालीनं भावाला फोन लावला, फोन शूबाईंच्या तोंडासमोर धरला, आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, पत्र्यावर ठोकावं तसं, एकेक शब्द. लोटलेल्या दाराआड यंत्र अजून मिठाच्या पाण्यावर चालू होतं. त्या रेघेचं काय झालं असेल ते बघायला शूबाई बराच वेळ आत गेल्या नाहीत.